चार ओळींचे कथाबीज

एम. ए. मराठीच्या वर्गात 'साहित्य आणि चित्रपट' शिकवताना मी दरवर्षी एक छोटे प्रात्यक्षिक देतो. विद्यार्थ्याने आपल्या मनातील चित्रपटाची कल्पना चार-पाच वाक्यांत लिहायची आणि मी तिच्याखाली अभिप्राय लिहायचा. गुण दहा. वर्षानुवर्षे हे काम मी परीक्षकाच्या सरावाने उरकत आलो. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेली कल्पना अशी होती: एक पाणाड्या आहे. तळहातावर नारळ धरून तो लोकांना विहिरीची, बोअरची जागा दाखवतो. त्याच्या शब्दावर आसपासच्या गावांतली माणसे कर्ज काढतात. त्याच्या स्वतःच्या रानात मात्र तीन बोअर कोरडे गेले आहेत.

एवढेच. मी खाली लिहिले, "कल्पना बरी आहे, परंतु शेवट नाही. फार निराशा वाटते. चौथ्या बोअरला पाणी लागल्याचे दाखवता येईल का? अंधश्रद्धेचे समर्थन होणार नाही याचीही दक्षता घ्यावी." मुलगा आज्ञाधारक होता. आठवड्याभरात त्याने सुधारून आणले. आता गावात भूजलतज्ज्ञ येत होता, शास्त्रीय पद्धतीने जागा ठरत होती, पाण्याचा फवारा उडत होता आणि लोक गुलाल उधळत होते. मी दहापैकी आठ गुण दिले.

पहिल्या कागदाला किती दिले असते, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पडला तो बऱ्याच उशिरा, चित्रपटांच्या जन्मकथा वाचताना. चित्रपटांचा इतिहास आपल्याकडे आता बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. दिग्दर्शकांचा, नटांचा, संगीताचा इतिहास आहे. परंतु चित्रपट अजून झालेलाच नाही, केवळ चार ओळींत सांगितला गेला आहे, अशा वेळी समोरचा माणूस काय म्हणाला, याचा इतिहास जवळजवळ नाही. हे बोलणे तोंडी असते आणि हवेत विरते. आठवणींतून आणि मुलाखतींतून जे तुटक उरले आहे, त्यावरच भागवावे लागते.

आपण साहित्याची माणसे येथे थोडे गोंधळतो, कारण अभिप्रायाची आपली परंपरा निराळी आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी 'सत्यकथे'साठी आलेल्या कथांवर लेखकांशी केलेला पत्रव्यवहार हा मराठी साहित्यव्यवहारातील आदराचा विषय आहे. पण त्या संपादकांसमोर लिहून झालेली कथा असे. शब्द होते, वाक्यांची वळणे होती. बोट ठेवायला जागा होती. चित्रपटाची कल्पना ऐकणाऱ्यासमोर यातले काहीच नसते. जे नाही त्यावर त्याला बोलायचे असते. आणि जे नाही त्याच्या जागी माणूस सहज आपले काहीतरी ठेवून देतो: आपली आवड, आपला बाजार, पुष्कळदा आपली भीती.

आपल्याकडच्या आरंभापासूनच पाहू. धुंडिराज गोविंद फाळके १९१२ च्या सुमारास भांडवलदारांच्या शोधात होते तेव्हा त्यांनी कोणाला कथा ऐकवून जिंकले नाही. त्यांनी मटाराच्या दाण्याला अंकुर फुटून त्याचे रोप होईपर्यंतची वाढ थोडीथोडी चित्रित केली आणि 'अंकुराची वाढ' हा काही क्षणांचा पट निवडक लोकांना दाखवला. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनी कर्जाऊ पैसे दिले. राजा हरिश्चंद्राची गोष्ट सर्वांना ठाऊकच होती. तिच्यावर अभिप्राय कोण देणार? शंका होती ती हलत्या चित्रांबद्दल, आणि फाळक्यांनी उत्तर दिले ते नेमके त्या शंकेला. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. 'यात नवीन काय?' हा आज पहिल्या झटक्यात विचारला जाणारा प्रश्न त्या वेळी कथेला लावला गेला नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. त्याकडे पुन्हा येतो.

यानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी, इटलीत, उलटा प्रकार घडला. व्हित्तोरियो डी सिका आणि त्याचा लेखक चेझारे झावात्तिनी यांच्याजवळची कल्पना दोन वाक्यांत मावणारी होती. बेकार माणसाला भिंतीवर पोस्टर चिकटवण्याचे काम मिळते, त्यासाठी सायकल आवश्यक असते आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. मग बाप आणि मुलगा ती शोधत रोममधून हिंडतात. (इटालियन श्रेयनामावलीत अशा मूळ कथाकल्पनेला स्वतंत्र मान असतो, पटकथेहून वेगळा. आपल्याकडे 'कथा' हे श्रेय पुष्कळदा उपचारापुरते उरले.) डी सिका पैशांच्या शोधात असताना हॉलिवूडचा निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने तयारी दाखवली; फक्त नायक केरी ग्रँट हवा होता. डी सिकाने नकार दिला आणि लाम्बेर्तो माज्जोरानी या कारखान्यातल्या कामगाराला घेऊन १९४८ मध्ये 'बायसिकल थीव्ज' पुरा केला.

हा प्रसंग बहुधा हॉलिवूडला हसण्यासाठी सांगितला जातो. मला त्यात हसण्यासारखे कमी दिसते. सेल्झनिकला कल्पना आवडली होती. कथा, शेवट, त्यातले दारिद्र्य, यांपैकी कशालाही हात लावायला तो सांगत नव्हता. तो एकच गोष्ट बदलू पाहत होता. परंतु केरी ग्रँटच्या देखण्या, आश्वस्त चेहऱ्याच्या माणसाची सायकल चोरीला गेली तर प्रेक्षकाला ती मिळेल याची खात्री असते. निदान तिच्यावाचून त्याचे अडणार नाही याची तरी असतेच. माज्जोरानीच्या चेहऱ्यावर ती खात्री नव्हती. म्हणजे बदल वरवर पात्रनिवडीचा दिसत असला, तरी तो थेट कथाबीजाच्या गाभ्याला लागत होता. सायकल म्हणजे सर्वस्व, हे समीकरणच त्याने मोडले असते.

हाच चित्रपट १९५० साली लंडनमध्ये एका तरुण बंगाली चित्रकाराने पाहिला. सत्यजित राय तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरीला होते. विभूतिभूषणांच्या 'पथेर पांचाली'च्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे त्यांनी पूर्वीच काढली होती. परत आल्यावर ते निर्मात्यांकडे गेले ते पटकथा घेऊन नव्हे, तर एक चित्रवही घेऊन. तीत प्रसंगामागून प्रसंग शाईने रेखाटलेले होते. निर्मात्यांची उत्तरे आपण कल्पनेनेही लिहू शकू: गाणी नाहीत, नट नाहीत, चित्रीकरण स्टुडिओबाहेर. रायांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, पत्नीचे दागिने गहाण पडले, १९५२ मध्ये काम सुरू झाले आणि पैशांअभावी थांबत राहिले. अखेर डॉ. बिधानचंद्र राय यांच्या पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले. ते रस्तासुधारणेच्या खात्यावर दाखवले गेले, कारण नावातच 'पथ' होता! विनोद इथे संपत नाही. चित्रपटाचा शेवट सुखाचा करावा, असा सल्लाही सरकारी बाजूने आला. रायांनी तो ऐकला नाही. दुर्गा मेलेली आहे, घर सापाला सोडून कुटुंब बैलगाडीतून निघून जाते, आणि १९५५ मध्ये लोकांनी पाहिला तो हाच शेवट.

हे वाचताना मी थांबलो. त्या अनामिक सल्लागाराचे शब्द मला परिचित वाटत होते. चौथ्या बोअरला पाणी लागल्याचे दाखवता येईल का?

परंतु एवढ्यावरून ऐकणाऱ्याने काही सुचवूच नये, निर्मिक एकटा आणि भोवताली सगळे अरसिक, असा निष्कर्ष काढणे सोपे आणि चुकीचे ठरेल. आपल्या समीक्षेला हा भाबडा आविर्भाव तसा प्रिय आहे. म्हणून आता मी जे उदाहरण घेतो आहे ते लोकप्रिय हिंदी चित्रपटाचे आहे. आपल्या अभ्यासपत्रिकांतून ते क्वचित येते.

१९७३ साली सलीम खान आणि जावेद अख्तर यांच्याकडे चार ओळींची एक कल्पना होती. एका लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबाची हत्या होते. सूड घेण्यासाठी तो पूर्वी सैन्यात असलेल्या दोघांना हाताशी धरतो. दोन ठिकाणी ती नाकारली गेली होती. मग त्यांनी ती जी. पी. सिप्पी आणि त्यांचे चिरंजीव रमेश सिप्पी यांना ऐकवली. दोघे लेखक या मंडळींना नवखे नव्हते. 'अंदाज' (१९७१) आणि 'सीता और गीता' (१९७२) यांवर त्यांनी तेथेच काम केले होते. रमेश सिप्पींना कल्पना भावली. त्यांनी शंका काढली ती एकच, आणि तीही अगदी व्यवहारी: लष्कराशी संबंधित दृश्यांसाठी परवानगी मिळवणे कठीण जाईल. मग लष्करी अधिकाऱ्याचा पोलीस अधिकारी झाला आणि ते दोघे माजी सैनिक न राहता भुरटे चोर झाले.

या शंकेचे काय काय झाले ते पाहण्यासारखे आहे. सैनिक आणि त्यांचा अधिकारी यांच्यात हुद्द्याचे नाते असते. बोलावले तर त्यांनी यायचे, यात नवल नाही. पोलीस आणि चोर यांच्यात असे कोणते नाते? ते निर्माण करणे आता लेखकांना भाग पडले. मालगाडीवरचा तो दीर्घ प्रसंग या गरजेतून आला असावा, असे मला वाटते. जखमी ठाकूरला सोडून पळायचे की दवाखान्यात न्यायचे, हे दोघे नाणे उडवून ठरवतात. ज्या हातांनी ठाकूरने त्यांना बेड्या घातल्या तेच हात पुढे नाहीसे होतात, आणि कायद्याचा माणूस कायद्याबाहेरच्या दोघांसमोर उभा राहतो. मूळ चार ओळींत सूड होता; आता सूडाबरोबर कायद्याचे हतबल होणेही आले. परवानगीच्या कटकटीतून निघालेल्या एका सूचनेने कथेला हा दुसरा थर दिला. पण ज्या जागी कथा दुखते, ती जागा सूचनेने हलवली नाही. कुटुंब गेलेला माणूस आणि भाड्याने आणलेले दोन हात, हे तसेच राहिले.

ही सूचना पुढे आणखी एकदा उगवली. १९७५ मध्ये चित्रपट पूर्ण झाला तेव्हा त्याच्या शेवटी ठाकूर खिळे मारलेल्या बुटांनी गब्बरला ठार करीत होता. सेन्सॉरला हे मान्य होईना. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा पायदळी तुडवणे कसे चालेल? आणीबाणी सुरू झालेली होती. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला आणि ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असे दाखवून १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' प्रदर्शित झाला. ठाकूरला पोलीस करून लष्कराच्या परवानगीचा प्रश्न सुटला होता. त्याच पोलीसपणाने दोन वर्षांनी दारात दुसऱ्या परवानगीचा प्रश्न उभा केला. मूळ शेवट असलेली पुनरुज्जीवित प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्या येथील महोत्सवात दाखवली गेली, म्हणजे बरोबर पन्नास वर्षांनी.

दोन अभिप्रायांतला फरक इथे हाताला लागतो. परवानगीची शंका सुरुवातीला आली आणि तिने लेखकांना नवी कारणे शोधायला लावली. सेन्सॉरची आज्ञा अखेरीस आली आणि तिने कारण काढून घेतले. दोन्हींच्या मुळाशी सरकारी मंजुरीची भीतीच होती. तेव्हा भीतीतून आलेला अभिप्राय वाईटच असतो, असेही म्हणता येत नाही.

प्रदर्शनानंतरची गोष्टही सांगायला हवी. पहिल्या दिवसांतील प्रतिसाद थंड होता. अमिताभ बच्चन यांच्या घरी बैठक भरली आणि जय मरतो तो शेवट बदलून त्याला जगवावे काय, यावर खल झाला. सोमवारपर्यंत थांबू, असे ठरले. सोमवार आला आणि पुनर्चित्रणाचा विषय मागे पडला. सुखान्ताचा सल्ला किती चिवट असतो पाहा: रायांच्या दारी तो सरकारी बाजूने आला, इथे तो चित्रपटकर्त्यांच्या स्वतःच्याच बैठकीत बसला होता.

आता 'यात नवीन काय?' या प्रश्नाकडे. 'शोले'च्या चार ओळी ऐकून कोणी म्हणाले असते की हे तर झालेले आहे, तर ते शंभर टक्के खरे ठरले असते. गावाच्या रक्षणासाठी भाड्याने लढवय्ये आणण्याची गोष्ट अकिरा कुरोसावाने १९५४ मध्ये 'सेव्हन सामुराई'त सांगितली होती. राज खोसलांचा 'मेरा गाँव मेरा देश' तर १९७१ चा. त्यात एक हात गमावलेला निवृत्त सैनिक आहे, त्याने गावात आणलेला एक भुरटा चोर आहे आणि डाकूचे नाव जब्बरसिंग आहे. त्या निवृत्त सैनिकाचे काम जयंत यांनी केले होते आणि 'शोले'चा गब्बर अमजद खान हे जयंत यांचे चिरंजीव! इतके साम्य आढळल्यावर आमच्यासारखा प्राध्यापक पेन टोपणात घालून मोकळा झाला असता. हरिश्चंद्राची गोष्ट हजारदा ऐकलेला समाज फाळक्यांना 'यात नवीन काय' असे विचारीत बसला नाही, आणि आपण मात्र चार ओळींकडून अपूर्वतेची अपेक्षा धरतो. चार ओळींत अपूर्वता मावतच नसते. आपल्या आख्यानकवींनी एकाच द्रौपदीस्वयंवरावर किती रचना केल्या, हे शिकवतानाच आपण विद्यार्थ्याला म्हणतो, 'विषय जुना आहे.'

चार ओळींत काय मावत नाही, याचा सर्वांत बोचरा पुरावा मात्र खुद्द सत्यजित रायांनी दिला आहे. १९६० साली स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'ला पैसे दिले. बनफूल यांच्या कथेवरचा हा हिंदी चित्रपट १९६९ मध्ये आला आणि नव्या चित्रपटांच्या लाटेचा आरंभ म्हणून गाजला. दोन वर्षांनी या लाटेची झाडाझडती घेताना रायांनी त्या चित्रपटाचे सार सात इंग्रजी शब्दांत उरकले. मथितार्थ असा की एका खडूस साहेबाला एक खेडवळ सुंदरी सुधारते. वाक्य इतके फिट्ट बसले की आजही लोकांना चित्रपटाआधी ते आठवते. साराच्या दृष्टीने त्यात खोटे काही नाही. पण सुहासिनी मुळे यांचे ते सहज वावरणे, के. के. महाजन यांच्या कॅमेऱ्याने टिपलेले सौराष्ट्रातील ओसाड वाळूचे पट्टे, साहेबाच्या अंगावरून रेल्वेचा रुबाब उतरत जाण्याची ती गती, यांपैकी काय त्या सात शब्दांत आहे? ज्यांना आपली कल्पना शब्दांत सांगणे अपुरे वाटले म्हणून चित्रवही हाती घेऊन फिरावे लागले, त्यांनीच दुसऱ्याचा पुरा झालेला चित्रपट परत सात शब्दांत कोंडावा, यातला काव्यगत न्याय की अन्याय, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी रायांचा भक्त आहे. तरी हा त्यांचा अन्याय मानतो.

मग चार ओळींना विचारायचे तरी काय? 'श्वास' (२००४) घ्या. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी केलेल्या या चित्रपटाची कल्पना एका वाक्यात सांगता येते: प्राण वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेने नातवाची दृष्टी जाणार आहे आणि आजोबा त्याला त्याआधी जग दाखवतात. हे वाक्य ऐकून 'मुलाची दृष्टी वाचली तर?' असे कोणी सुचवले, तर चित्रपट तिथेच संपला. 'आजोबा कुठले?' असे विचारले, तर कोकण येते, गावाकडून शहरात आलेल्या म्हाताऱ्याचे रुग्णालयातले बावरणे येते. पहिला प्रश्न उत्तर सोबत घेऊनच आला आहे. दुसऱ्याजवळ उत्तर नाही; ते सांगणाऱ्यापाशी आहे. चित्रवही पाहणाऱ्या निर्मात्यांपैकी एखाद्याने रायांना 'ही म्हातारी कोण?' एवढे जरी विचारले असते, तरी काय काय ऐकायला मिळाले असते!

गेल्या काही वर्षांत हे ऐकणे संस्थांच्या हाती गेले आहे. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन १९८० मध्ये ज्यात विलीन झाले त्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ पासून पटकथालेखकांच्या कार्यशाळा आणि गोव्यातील फिल्म बाजार सुरू केला. लेखक तेथे ठरलेल्या वेळेत आपली कल्पना मांडतात आणि अनुभवी मंडळी त्यांना प्रश्न विचारतात. तेथे गेलेले माझे दोन माजी विद्यार्थी सांगतात की सर्वांत उपयोगी पडतो तो गृहीत धरलेल्या गोष्टीवर बोट ठेवणारा प्रश्न. मी ऐकून घेतले. मी काय करीत आलो होतो, ते त्यांना ठाऊक होतेच.

तो मराठवाड्याचा विद्यार्थी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. गेल्या वर्षी कुठलासा दाखला नेण्यासाठी तो महाविद्यालयात आला होता. चहा घेताना मी विषय काढला. त्याला आठवायला वेळ लागला. त्याच्या लेखी ते एक प्रात्यक्षिक होते आणि गुणही चांगले मिळाले होते.

"तो पाणाड्या खरा होता का रे?" मी विचारले.

"हो सर. माझे मोठे मामा."

"मग चौथा बोअर घेतला त्यांनी?"

"नाही घेतला. तिन्ही जागासुद्धा त्यांनी दाखवलेल्या नव्हत्या, सर. एक दुसऱ्या पाणाड्याने दाखवलेली, दोन सर्वेवाल्यांनी. मामांनी स्वतःच्या रानात कधी नारळ धरलाच नाही."

"का?"

त्याने कप खाली ठेवला. "मामींनी एकदा विचारले होते. ते उठून बाहेर गेले."